हंसाच्या हातचा मुटका

दांडी
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय रखमा,

तुझं पत्र पोचलं. कागदाला वेलदोड्याचा वास होता, म्हणजे स्वयंपाकघरात बसून लिहिलंस. माझ्या कागदाला मासळीचा वास येत असेल तर नाक दाबून वाच. सव्वीस वर्षं बोईसरला माझ्या पाटीकडे बघून नाक मुरडलंस, आणि तरी रोज दुपारी मला तांब्याभर पाणी नि बसायला ओटा दिलास. तेव्हा एवढं तुला जमेल.

तू साताऱ्याकडे गावी गेल्यापासून त्या चाळीच्या बाजूला मी फिरकत नाही. एकदा गेले तर नव्या भाडेकरणीने 'अंदर मत आना' म्हणून दारातूनच हात हलवला. मी तर कधी आत गेलेच नव्हते. तुझे कान कारखान्यातल्या मागांनी खाल्ले नसते तर आपण फोनवर बोललो असतो, पण हेच बरं आहे. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस.

इकडे नारळी पौर्णिमेपासून होड्या कामाला लागल्या. मेहुल समुद्रावर, सून रुचिता बाजारात आणि ह्यांचे गुडघे घरात कुरकुरत. उन्नती नववीत गेली. तिच्यासाठीच लिहायला बसले. होळीपासून पोरीच्या घशात चौथ्यांदा काटा अडकला.

तुला आमची रीत ठाऊक नसणार, तू आयुष्यात काटा पाहिलेला नाहीस. काटा अडकला की सुका भात मुठीत घट्ट दाबून त्याचा मुटका करायचा आणि न चावता गिळायला लावायचा. भाताबरोबर काटा खाली जातो. वरून मी गळ्यावरून तीनदा हात फिरवते. माझ्या सासूच्या हाताला गुण होता, तो माझ्या हाती आला असं लोक म्हणतात. तीन आळ्यांतून पोरं घेऊन येतात माझ्याकडे. आणि सगळ्यात जास्त काटे माझ्याच नातीला लागावेत, याला काय म्हणायचं?

नखरेही वाढलेत तिचे. एक भाकरी खायला तास लावते. घास चावत बसते, चावत बसते, आणि प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. जेवण होईपर्यंत तांब्या रिकामा. अंगावर मांस राहिलं नाही. मी आता तिचे मासे बंदच केलेत. दोन्ही वेळा दूधभात देते, साखर घालून. तो तेवढा चटकन गिळते.

तुझ्या म्हशीचं काय झालं? व्याली का?

तुझी
हंसा

पळशी
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय हंसा,

म्हैस व्याली, रेडी झाली. खंडेराव दिवसातून चारदा गोठ्यात जाऊन तिच्याशी बोलतात. माझ्याशी मोठ्याने बोलावं लागतं म्हणून कंटाळतात, रेडीशी हळू बोललं तरी चालतं.

उन्नतीचं वाचून काळजी लागली. पण एक सांगू? मासे बंद केलेस हे लाख मोलाचं केलंस. मी तुला किती वर्षं सांगत होते की ज्या जेवणात काटे असतात ते माणसाचं जेवण नव्हे. तू हसायचीस आणि म्हणायचीस की वांग्यालाही काटे असतात. आता बघ.

दूधभात चालू ठेव, आणि नुसता साखरेचा नको. आमचा दिग्विजय दसऱ्याला घरी येऊन परत बोईसरला कामावर जाणार आहे, त्याच्या हाती दोन किलो तूप आणि खव्याचे पेढे पाठवते. आमच्या म्हशीचं आहे, घरचं. सकाळी पेला भरून दूध, रात्री निजताना पेला. पोर महिन्यात गुबगुबीत होईल, माझा शब्द.

लहानपणी तू तिला पाटीसोबत आणायचीस तेव्हा कोपराच्या आत खाजवून खाजवून लाल करायची आणि पावसाळाभर शिंकायची. ते गेलं का? उगीच आठवलं.

कमलाकांतभाऊंना गुडघ्यावर एरंडाचं पान शेकून बांधायला सांग.

तुझी
रखमा

दांडी
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रखमा,

तूप मिळालं, पेढे मिळाले. पेढे उन्नतीने तीन दिवसांत संपवले, तुपाचा डबा अर्ध्यावर आला. सगळ्या आळीत सांगितलं मी, माझ्या मैत्रिणीच्या घरचं आहे म्हणून. खाज आणि शिंका दोन्ही आहेत अजून. तुझी नजर बारीक.

पण पोर गुबगुबीत झाली नाही गं. उलट उतरलीच.

मेहुलने होडीला नवं इंजिन बसवलं, त्याची सत्यनारायणाची पूजा केली परवा. साठ माणूस जेवलं. उन्नतीने प्रसादाचा शिरा खाल्ला, मग पुरी घेतली. दोन घासांतच हाताने छाती धरली. मी ओळखलं, काटा. जुना कुठेतरी रुतून बसला असणार. पंगत तशीच टाकून मुटका केला, तिला गिळायला लावला. आधी डोळे पांढरे केले तिने, मग सगळं ओकून टाकलं, आणि मग बरी झाली. बायका म्हणाल्या, हंसाचा हात आहे म्हणून निभावलं.

ती मात्र मागच्या दारी तोंड धुताना मला म्हणाली, "आजी, परत भात नको ना देऊस." एवढंच. मला लागलं ते. ज्या हातासाठी लोक पाम गावापासून चालत येतात, तो माझ्याच घरात नको झाला.

शाळेतून डबा तसाच परत येतो. बाई म्हणतात, मुली आजकाल बारीक राहायला बघतात. रुचिता रागावते, मी समजूत काढते. असं चाललंय. दूध चालू आहे.

तुझी
हंसा

पळशी
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय हंसा,

हे पत्र बसून वाच आणि रागवायचं असेल तर पुरं वाचल्यावर रागव.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पूजेचा दिवस. घरात, पंगतीत, कुठे मासळीचा तुकडा नाही. पोरीला तर तू सप्टेंबरपासून मासे दिलेले नाहीत. मग हंसा, काटा आला कुठून? मी बिनमाशाची बाई, म्हणूनच मला हे दिसलं असेल. तुमच्या घरात काही अडकलं म्हणजे काटाच, दुसरं काही कोणाच्या मनातही येत नाही. पुरीला काटा नसतो गं.

ज्ञानेश्वरी माहेरी आली आहे. तुला ठाऊक आहे, माझी लेक पालघरला नर्स आहे. तिला तुझी दोन्ही पत्रं वाचायला दिली. तिने मला विचारलं, पाणी पिऊन पिऊन जेवते, घास खूप वेळ चावते, डबा परत आणते, अंगाला खाज, शिंका, आणि घास छातीत अडकतो, हे सगळं एकाच मुलीचं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, हे नखरे नाहीत आई, मूल आपल्या परीने घास खाली ढकलायचा मार्ग शोधतंय. लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरकडे नेऊन दुर्बिणीने अन्ननळी तपासून घ्यायला हवी.

आणि ती आणखी एक बोलली ते तुला लिहायलाच हवं. मुटका पुन्हा द्यायचा नाही. नळी आधीच अडलेली असेल तर त्यावर भाताचा गोळा म्हणजे बुचावर बूच. पुढे कधी अडकलं आणि थुंकीही गिळता येईना, तोंडातून लाळ गळायला लागली, तर काही खायला-प्यायला न देता तडक इस्पितळ गाठायचं.

ती मेहुलला फोन करायला निघाली होती. मीच थांबवलं. म्हटलं, हंसाला आधी माझ्याकडून कळू दे, दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तिला वाईट वाटेल. तू मेहुलला हे पत्र वाचून दाखव.

तुझी
रखमा

पळशी
१४ डिसेंबर २०२४

हंसा,

महिना झाला. तू रुसलीस हे कळतंय. माझ्यावर वर्षभर रूस, मला चालेल. पण पोरीला दाखवलंस की नाही, एवढं एका कार्डावर लिही. नुसतं 'हो' लिहिलंस तरी पुरे.

रखमा

दांडी
११ जानेवारी २०२५

प्रिय रखमा,

उन्नती बरी आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी मेहुलला वाचून दाखवलं नाही. कोणालाच नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी दडवून ठेवलं. मला राग आला होता. जिने जन्मात मासा चाखला नाही ती मला काटा शिकवते, असं मनात म्हटलं. तुझं कार्डही तिथेच टाकलं. रोज भातासाठी तांदूळ काढताना डब्यात हात घालायचे आणि कागद बोटांना लागायचा. तरी बोलले नाही.

नाताळच्या सुट्टीत शेजारी दादूच्या मुलीची हळद होती. दुपारी कोंबडीचं जेवण होतं. उन्नती मैत्रिणींच्या पंगतीत बसली होती, त्यामुळे लाजेने भराभर जेवली असणार. एकदम उठून उभी राहिली. मी धावले. कोणीतरी माझ्या हातात भात दिलाच, सगळ्यांना ठाऊक आहे ना, हंसाला काय लागतं ते. मी मुटका वळला. तिच्या तोंडाजवळ नेला.

रखमा, तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं. तोंडातून लाळ गळून ओढणीवर पडत होती. आणि मला तुझं पत्र अक्षरन् अक्षर आठवलं. मुटका मी तिथेच पत्रावळीवर ठेवला. सगळे म्हणत होते, दे, दे. मी मेहुलला ओरडून सांगितलं, "हा काटा नाय. गाडी काढ. पानीपन द्यायचा नाय तिला."

बोईसरच्या डॉक्टरने बघताक्षणी पुढे पाठवलं. मुंबईला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिथे तिला गुंगी देऊन नळी आत घातली आणि कोंबडीचा तुकडा काढला. तुकडा एवढासा, करंगळीच्या पेराएवढा. काटा नव्हता. कधीच नव्हता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत नळीला गोल गोल वळ उठलेले, लांब चरे पडलेले. त्यांनी आतल्या कातडीचे दोन-तीन ठिकाणचे बारीक तुकडे तपासायला पाठवले, वरून दिसतं तेवढ्यावर भागत नाही म्हणाल्या.

आठवड्याने उत्तर आलं. मेहुलने फोन केल्यावर ज्ञानेश्वरी रजा काढून आमच्यासोबत आली होती, तुला मी स्वतः लिहीन म्हणून तिला कळवू दिलं नाही; तिने नाव कागदावर लिहून दिलं: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. मला ते म्हणता येत नाही. घरात आम्ही नळीची सूज म्हणतो. रक्तात एका जातीच्या पेशी असतात, त्या हिच्या अन्ननळीत येऊन ठाण मांडून बसल्यात. खाण्यातली एखादी वस्तू त्यांना खपत नाही, म्हणून त्या चवताळतात आणि नळी सुजवतात. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर नळी आक्रसत जाते. ज्यांना खाज, दमा, शिंका असतात त्यांच्यात हे जास्त सापडतं. तू विचारलं होतंस ना खाजेचं? डॉक्टरीणबाईंनी पण तेच आधी विचारलं.

मी म्हटलं, मासे ना बाई? मासेच ना? त्या म्हणाल्या, मासेही असू शकतात, गहूही, पण मुलांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निघतं ते दूध. आधी दूध बंद करून बघू.

दूध, रखमा. मी मासे काढून घेतले आणि दोन्ही वेळा दूध घातलं. साखर घालून.

रुचिताने विचारलं, हातावर टोचून कळणार नाही का? नाही म्हणे, या आजारात त्यावर विसंबता येत नाही. बारा आठवडे दुधाचं सगळं बंद, दही, ताक, तूप, खवा, दुधाची बिस्किटं, चहातलं दूधसुद्धा. मग पुन्हा दुर्बीण घालून आत बघायचं. गिळायचं औषधही असतं, पण दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते समजणार नाही. त्रास वाढला तर मात्र थांबायचं नाही, लगेच कळवायचं. तोवर मऊ खाणं, बारीक घास, आणि घाई करायची नाही. हा जन्माचा सोबती आहे म्हणाल्या, पण सांभाळता येण्यातला.

मी पत्र दडवल्याचं मेहुलला सांगितलं. तो तडक उठला. होडीवर गेला आणि तीन दिवस माझ्याशी गप्प होता. चौथ्या दिवशी चहा मागितला, बिनदुधाचा. घरात आता कोणीच दूध घेत नाही.

उरलेलं तूप मी देवापुढच्या समईला वापरते. वाया नाही घालवलं.

तुझी
हंसा

पळशी
२४ जानेवारी २०२५

माझी हंसा,

तुझं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. म्हशीला वाटलं तिचं काही चुकलं.

तू एकटी गुन्हेगार होऊ नकोस. पोटभर मासे खाणाऱ्या पोरीच्या तोंडचे मासे सुटले म्हणून टाळ्या मी वाजवल्या. तूप मी पाठवलं. माझा शब्द, असं लिहिलं होतं मी, गुबगुबीत होईल म्हणून. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्ञानेश्वरी फोन करत होती तो मी थांबवला. तुझं मन राखायला. तुझ्या मनापेक्षा पोरीची नळी मोठी होती हे मला त्या वेळी सुचलं नाही. तू पत्र दडवलंस आणि मी फोन दडवला. आपण दोघी एकाच माळेचे मणी निघालो.

पण मुटका तू खाली ठेवलास. भरल्या हळदीत, सगळे दे दे म्हणत असताना, तीस वर्षांची रीत तू हातातून खाली ठेवलीस. हे मला जमलं नसतं, खरं सांगते.

आजपासून माझ्याकडे वेगळा उद्योग आहे. दुधाशिवाय गोड काय होतं ते बघते. नारळाच्या दुधातली तांदळाची खीर केली, खंडेराव दोन वाट्या प्याले. तिळाची वडी केली तर त्यांच्या कवळीला चिकटली, तेव्हा ती उन्नतीसाठी बाद. नारळ तुमच्या दारात आहे, कृती पुढच्या पानावर लिहिली आहे. आणि तिला मासे दे गं. डॉक्टर हो म्हणत असतील तर काटे काढून, मऊ शिजवून, भरपूर दे. हे मी लिहितेय, रखमा. कागद जपून ठेव.

तुझी
रखमा

दांडी
२३ मार्च २०२५

रखमाआजी,

मी उन्नती. आजीच्या पत्रांवरून तुमचा पत्ता घेतला. या पत्राबद्दल तिला काही कळवू नका.

तुमची खीर छान होते. आता मला पहिल्यासारखा त्रास नाही. पाणी अजून जवळ ठेवते, पण पुष्कळदा विसरते प्यायला. वजन दोन किलो वाढलं.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि इथे कोणाला सांगता येत नाहीत.

पहिली जुनी आहे. मला पाचवीपासून अडकायचं. मला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं, बाकीच्यांना गिळता येतं आणि मला सवय नाही. शाळेत मी घास रुमालात काढून टाकायचे. मुलींना सांगायचे मी डाएट करते. घरी एकदा म्हटलं की अडकलंय, तर सगळे एकदम म्हणाले, काटा? मी मान हलवली. मग आजीने मला मांडीजवळ घेतलं आणि गळ्यावरून हात फिरवला. तिचा हात खरखरीत आहे, पण फार बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मी नंतर प्रत्येक वेळी काटाच म्हणायचे. मुटक्याने उलट जास्त दुखायचं. ते मी बोलले नाही, कारण लोक लांबून यायचे आणि आजीच्या हाताला गुण आहे म्हणायचे. तिच्या नातीलाच गुण येत नाही म्हटलं असतं तर तिचं नाव गेलं असतं. आता ती स्वतःला दोष देते. खोटं तर मी बोलत होते.

दुसरी गोष्ट नवी आहे. अणुकेंद्राच्या वसाहतीत राहणारी माझी मैत्रीण स्वरा, तिच्या वाढदिवसाला मी केक खाल्ला. आणि बासुंदी, दोन वाट्या. सगळ्या खात होत्या आणि प्रत्येकीला कारण सांगून मला कंटाळा आला होता. दोन दिवस पुन्हा छातीत दाटल्यासारखं झालं. दहा दिवसांनी दुर्बीण आहे. बाबांनी त्यासाठी होडीच्या दोन फेऱ्या सोडल्यात. आता आत सूज दिसली तर डॉक्टर म्हणतील दुधाचं कारण नाही, आणि मग मासे बंद करतील. मी काय करू?

तुमची
उन्नती

पळशी
२८ मार्च २०२५

चि. उन्नती,

पत्र मिळताच लिहितेय, आणि टपालाचा भरवसा नाही म्हणून खंडेरावांना तालुक्याला पिटाळून हे स्पीड पोस्टाने धाडते.

डॉक्टरीणबाईंना सांग. तू स्वतः सांग, आईबापांसमोर सांग, दुर्बीण घालायच्या आधी सांग. त्या शाळेतल्या बाई नव्हेत, छडी मारणार नाहीत. त्यांना तुझ्या आतलं खरं कळलं नाही तर त्या चुकीचं बंद करतील, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी केल्या तेवढ्या चुका पुरेत. दोन वाट्या बासुंदी मीही चोरून खाल्ली असती तुझ्या वयात. खाल्लीच आहे.

पुढच्या वेळी कोणी विचारलं तर एवढंच म्हण, दूध मला सोसत नाही. त्याहून जास्त कोणाला सांगायचं देणं नाही लागत.

तुझी पहिली गोष्ट माझ्यापाशी राहील. आजीला मी सांगणार नाही. ते तुझं आहे, तू कधी, कसं द्यायचं ते तूच ठरव. पण पोरी, हात फिरवून घ्यायला आजारी पडावं लागतं असं तुला कोणी सांगितलं?

तुझी
रखमाआजी

दांडी
८ जून २०२५

प्रिय रखमा,

होड्या वर ओढल्या, पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली. अंगणात ताडपत्र्या, जाळी आणि ह्यांचे गुडघे, सगळं एकत्र पसरलंय. एरंडाच्या पानाने काही झालं नाही, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

एप्रिलमध्ये दुर्बीण झालीच नाही. आत जायच्या आधी उन्नती डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी केक खाल्ला, बासुंदी पन खाल्ली." मेहुलचा चेहरा उतरला. दोन फेऱ्या बुडाल्या होत्या ना. पण डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, हे सांगितलंस म्हणून आपण चुकीच्या वाटेला जाता जाता वाचलो. आणखी सहा आठवडे कडक पाळायला लावलं. हे शहाणपण तिला कुठून आलं कोण जाणे, माझ्याकडून तर नाही. माझा तुझ्यावर संशय आहे, पण तू सांगणार नाहीस.

मे महिन्यात दुर्बीण झाली. वळ पुसट झालेत, तपासणीत त्या पेशी अगदी मोजक्या निघाल्या. दूधच होतं रखमा. दूध पुढेही बंदच ठेवायचं, आणि मधूनमधून आत बघत राहायचं, कारण बाहेरून बरं वाटलं तरी आत सूज असू शकते. मासे निर्दोष सुटले. मी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून खुर्चीत बसवलं.

परवा आळीतला महादू त्याच्या पोराला घेऊन आला, काटा अडकला म्हणत. बाहेर चार बाया जमल्या. मी भात मागितला नाही. पोराला उजेडात बसवून विचारलं, काय खाल्लंस? कधी? याआधी झालं होतं का? थुंकी गिळता येते का? खरंच काटा होता, टाळूच्या मागे पांढरा दिसत होता. तरी मी हात लावला नाही. बोईसरला कानघशाच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी चिमट्याने दोन मिनिटांत काढला. बाया म्हणाल्या, हंसाबाय आता डॉक्टरकडे धाडते, तिच्या हाताचा गुण गेला. म्हणू देत. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. सासूचं नाव होतं ते.

आता कालचं सांगते आणि संपवते. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती. उन्नती बापाशेजारी बसली. एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. सगळे जेवत होतो पण कोणाचंच लक्ष ताटात नव्हतं, तिच्याकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. ती उठली तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला होता. मी उचलून पाहिला, खरंच भरलेला.

हात धुऊन ती माझ्याजवळ ओटीवर आली आणि मांडीवर डोकं टाकून आडवी झाली. म्हणाली, "आजी, गल्यावरना हात फिरव ना."

मी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. म्हटलं, "काय अडकला गो?"

"काय नाय अडकला," ती म्हणाली. "असाच फिरव."

मी फिरवत बसले. तीनदा नाही, किती वेळ ते मोजलं नाही. ती झोपून गेली.

तुझी
हंसा